कोळंबीच्या मृत्यूसाठी योग्य मराठी शब्द

आमच्या केंद्राने अंदाज प्रसिद्ध केला की खोल समुद्रातली कोळंबी त्याप्रमाणे वाढते आणि त्याप्रमाणे मरते. त्यामुळे अंदाज जपून बांधावा लागतो आणि जपून छापावा लागतो. पहिलं काम माझं. दुसरं माझ्याकडे नव्हतं, आणि सगळा ताप तिथूनच सुरू झाला.

मी शर्मिष्ठा अभ्यंकर, झरीबंदरच्या मत्स्य संशोधन केंद्रात वरिष्ठ शास्त्रज्ञ. मासे खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या खात्यात कोणाशीही ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला तो प्रश्न येतो, आणि मग समोरचा माणूस माझ्याकडे दयेने बघतो. कोळंबी मोजायला ती खावी लागत नाही. तिला पट्टीवर सरळ धरावं लागतं, एवढंच.

कोळंबीचं वय कोणालाही सांगता येत नाही. माशाच्या कानात बारीक खडा असतो, त्यावर खोडासारखी वर्तुळं चढतात, ती मोजली की झालं. कोळंबी मात्र कात टाकते आणि कातेबरोबर सगळा पुरावा टाकून मोकळी होते. मग आम्ही कुठल्या महिन्यात कुठल्या लांबीच्या किती मिळाल्या ते मांडतो, त्यातून वाढीचा वेग काढतो आणि वाढीवरून मृत्यूचा. मोठ्या कोळंब्या कमी का दिसतात, तर बाकीच्या मेल्या. किती वेगाने मेल्या, एवढाच प्रश्न उरतो. इतर किनाऱ्यांवर हे अंदाज चुकतात. आमच्याकडे चुकत नाहीत, कारण आमची कोळंबी अहवालाची वाट बघते. तो येईपर्यंत ती तीनशे मीटर खाली मागच्या वर्षीच्या आकड्यांवर काम चालवते आणि नवा आला की नव्याप्रमाणे.

माझ्या आधीच्या साहेबांनी एकदा वार्षिक मृत्यूच्या खाली 'वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष' अशी तळटीप टाकली होती. त्या वर्षी मार्च संपत येईपर्यंत एकही कोळंबी मेली नाही, आणि एकतीस तारखेच्या संध्याकाळी ठरलेल्या सगळ्या एकदम मेल्या. पुढे कितीतरी दिवस बंदरावर नाकाला रुमाल लावून फिरावं लागलं. ते मला करायचं नव्हतं. मृत्यू वर्षाच्या शेवटी येत नाही, तो वर्षभर क्षणाक्षणाला थोडा थोडा वाटलेला असतो. इंग्रजीत अशा दराला इन्स्टंटेनियस मॉर्टॅलिटी म्हणतात. मी दरवर्षी तसं लिहीत होते, कोळंबी दरवर्षी तशी मरत होती आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

मग अहवाल मराठीत काढायचं ठरलं. माझा विरोध नव्हता, उलट मला बरंच वाटलं. मुंबईहून अनुवादक आले, श्री. विद्याधर परचुरे. सडपातळ, मृदुभाषी, आणि इतके काटेकोर की चहात साखर किती या प्रश्नालाही आधी 'चमचा सपाट की शीग लावून' असं विचारायचे. अशा माणसावर ओरडता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

पहिला खटका वाढीच्या प्रकरणावर उडाला. कोळंबी जी लांबी गाठून थांबते तिला शास्त्रात एल-इन्फिनिटी म्हणतात. आमच्या कोळंबीची ती साडेअठरा सेंटिमीटर आहे. परचुऱ्यांनी तिचं 'अनंत लांबी' केलं आणि पुढचे साडेअठरा सेंटिमीटर खोडून टाकले, कारण अनंताला सेंटिमीटर लावणं त्यांच्या बुद्धीला पटेना. नशिबाने ती मुद्रितं माझ्याकडे आली. मी म्हटलं, 'कमाल लांबी' करा. ते म्हणाले, कमालमध्ये इन्फिनिटीचं सौंदर्य येत नाही. मी म्हटलं, ते सौंदर्य आलं तर बंदरात मावणार नाही. दोन दिवस वाद घालून मी कमाल करून घेतलं आणि डोकं धरून घरी गेले.

मृत्यूचं प्रकरण माझ्याकडे आलंच नाही. संचालक साहेबांना अहवाल मराठी भाषा गौरव दिनाला हवा होता, म्हणून त्यांनी ते परस्पर छापखान्यात धाडलं. प्रकाशन थाटात झालं. शाल झाली, नारळ झाला, परचुऱ्यांनी भाषाशुद्धीवर चांगलं भाषण केलं. टाळ्या चालू असताना मी शेवटचं प्रकरण उघडलं. इन्स्टंट म्हणजे क्षण, त्यावरून त्यांनी विशेषण सिद्ध केलं होतं. वाक्य असं होतं: 'खोल समुद्रातील कोळंबीचा मृत्यू क्षणिक असतो.'

मी तिथल्या तिथे साहेबांना ते दाखवलं. ते म्हणाले, वाक्य छान आहे.

तिसऱ्या दिवशी भामाक्का केंद्रावर आली. सत्यभामा खोबरेकर हे तिचं नाव, पण बंदरावर ते कोणाला सांगून कळणार नाही. तिचा भाऊ सगुण खोल पाण्यात बोट नेतो. त्याची कोळंबी ती घेते, आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, चटयांवर वाळवते आणि आतल्या गावांच्या बाजारात विकते. नवरा गेल्यापासून तिने याच कामावर स्वतःचं घर वेगळं ठेवलं आहे. भावाच्या घरात तिला जागा आहे, पण त्या घरात तिची भावजयही आहे, आणि तिथे राहायला जाण्यापेक्षा समुद्रात राहायला जाईन, असं ती बाजारात उघडपणे सांगते. कोळंबीला इकडे सुंगट म्हणतात. ती व्हरांड्यात उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "बाईंनू, सुंगटां मरतत, पण मेली म्हणान ऱ्हवनत नाय." मरतात, पण मेलेली राहत नाहीत.

मी तिच्याबरोबर गेले. खळ्यात चटयांवर लालभडक कोळंबी पसरलेली होती आणि मेलेली होती. आम्ही उभ्या असतानाच कडेची एक उठली. तिने अंग झटकलं, कुठे आहोत याचा अंदाज घेतला आणि चटईवरून उतरून समुद्राच्या दिशेने चालू लागली. मग तिच्या शेजारची उठली. थोड्या वेळात चटईभर कोळंबी उठून गेली आणि तिचा ओला ठसा तेवढा राहिला. भामाक्काने डोकी मोडून पाहिली होती. तसं केलं की डोकी आणि धडं वेगवेगळी जिवंत होत, आणि डोकी पुढे जाऊन धडांसाठी थांबत. तिने वर कापड बांधून पाहिलं, तर कापड चालू लागलं. बंदरावरच्या खाणावळींत कढीच्या पातेल्यावर पाटा ठेवायची पद्धत पडली होती. हे मी ऐकीव सांगते.

माल हातचा जातोय, याबद्दल ती बोलेल असं मला वाटलं होतं. तिने ते एका वाक्यात उरकलं. आणखी महिनाभर असंच चाललं तर भावजयीच्या घरी जावं लागेल, असं ती म्हणाली. मग चटईच्या कडेला बसली आणि बराच वेळ हात बघत राहिली.

"परवा जेची मिशी माझ्या हातात तुटली, तां सुंगट काल परत जाळ्यात गावला," ती म्हणाली. "तेणा माका बघल्यान आणि मागे सरला. माका ओळखल्यान, बाईंनू. जल्मभर ह्याच काम केलंय, पण असा माका कोणी बघूक नाय."

मी शुद्धिपत्रक काढते म्हणून तिला सांगितलं. मला वाटलं, एक शब्द बदलायचा आहे, दोन दिवसांत होईल. इतकी वर्षं सरकारी नोकरी करून मला असं वाटलं, याचंच आता नवल वाटतं.

साहेबांचं म्हणणं, प्रकाशनाला मंत्री होते, लगेच शुद्धिपत्रक काढलं तर ते कोणाविरुद्ध काढलं असा प्रश्न येईल. शिवाय मृत्यू क्षणिक झाल्याने साठा वाढतोय, ही केंद्राची कामगिरी आहे, ती आपण होऊन का पुसायची. मी म्हटलं, साठा वाढत नाही, तोच तो माल परत परत पकडला जातोय. ते म्हणाले, मग उत्पादनाचा आकडा तर आणखीच चांगला दिसेल. शेवटी एका पर्यटकाच्या ताटातली कोळंबी उठून शेजारच्या टेबलावर गेली आणि ते शेजारचं टेबल साहेबांच्या साडूचं निघालं. तेव्हा समिती नेमली गेली. साहेब अध्यक्ष, परचुरे आणि मी सदस्य, हेडक्लार्क नाईकधुरे टिपणं घ्यायला. भामाक्काला 'लाभार्थी प्रतिनिधी' म्हणून खुर्ची दिली. ती खुर्चीत न बसता दाराजवळच्या बाकावर बसली.

परचुऱ्यांनी चूक मान्य करायला एक मिनिटही घेतलं नाही, हे मान्य करायला हवं. त्यांनी 'तात्कालिक' सुचवला. मी म्हटलं, तात्कालिक म्हणजे काही काळापुरता. आता क्षणभर मरतात, मग पंधरवडाभर मरतील. माल बाजारात जाईल, गिऱ्हाइकाच्या डब्यात जाईल आणि तिथे उठेल. त्यांनी मान हलवली आणि शब्द खोडला. साहेबांना 'तत्काळ' आवडला. त्यात कामाचा वेग दिसतो, असं ते म्हणाले.

अंदाज बांधण्यापेक्षा करून बघावं, म्हणून मी प्रयोगशाळेतल्या टाकीपुरतं परिपत्रक काढायची परवानगी मागितली. टाकीत डझनभर कोळंब्या ठेवल्या. 'सदर टाकीतील कोळंबीचा मृत्यू तत्काळ असतो' असं नाईकधुऱ्यांनी टंकलं आणि मी सही केली. पेनाचं टोपण लावेपर्यंत टाकीतली शेवटची कोळंबी उताणी झाली होती. हे परिपत्रक टाकीऐवजी समुद्रासाठी काढलं असतं तर काय झालं असतं, हे सगळ्यांना दिसत होतं. सगुणची बोट आणि बंदरावरच्या सगळ्या बोटी, तिथेच कायमच्या वर ओढाव्या लागल्या असत्या. साहेबांनी पाणी मागवलं.

दुसऱ्या टाकीला परचुऱ्यांनी 'प्रतिक्षण' लावून पाहिला. मला तो शास्त्राच्या जवळचा वाटला होता, म्हणून मीच आग्रह धरला. त्या टाकीकडे बघवेना. प्रत्येक कोळंबी प्रत्येक क्षणी मरत होती आणि त्यामुळे तिचं मरण संपत नव्हतं. भामाक्का बाकावरून उठून बाहेर गेली. मी परिपत्रक फाडलं, तेव्हा त्या शांत झाल्या. 'नैसर्गिक मृत्यू' लिहिलं तर जाळ्यात सापडलेलं काहीच मरेना, कारण जाळं नैसर्गिक नाही. 'सरासरी मृत्यू' लिहिलं तर सगळ्या सारख्याच अर्धवट मेल्या. मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवावा म्हटलं, तर साहेबांनी भाषा गौरव दिनाचे फोटो दाखवले. मी आठवडाभर या खोलीत बसून माणसं शब्दांवर बोलताना ऐकत होते आणि कोणाच्या तरी डोक्यात शब्दकोश घालावासा वाटत होता. परचुऱ्यांचा शब्दकोश दोन खंडांत आहे, त्यामुळे मी विचार रहित केला.

एका बैठकीत परचुरे भामाक्काकडे वळले आणि अत्यंत आदराने त्यांनी विचारलं, "आपल्याला नेमका कसा मृत्यू अपेक्षित आहे?"

"जसा येता तसा," ती म्हणाली. "एकदाच."

परचुऱ्यांनी तिला हात जोडले. 'एकवार मृत्यू' हा शब्द त्यांनी त्याच रात्री घडवला आणि सकाळी टाकीला लावला. टाकीतली एकच कोळंबी मेली. बाकीच्यांनी ठरलेलं काम उरकलं असं धरून चरायला सुरुवात केली.

त्या दिवशी माझा संयम सुटला. महिना संपत आला होता. भामाक्काने चटया गुंडाळून ठेवल्या होत्या आणि भावजय तिच्यासाठी माळ्यावरची खोली झाडून घेत होती. ही बातमी तिला बाजारातच तीन जणींनी सांगितली होती. मी शुद्धिपत्रकाचा कागद पुढे ओढला आणि मृत्यूच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. काही नाही. आमचा काही अंदाज नाही, आमचं काही म्हणणं नाही, तुमचं तुम्ही बघा. अंदाज नसताना समुद्रात कोळंब्या जशा मरत असतील तशा मरोत, असा माझा हिशेब होता. साहेबांनी सही केली, कारण निरंक हा शब्द त्यांना ओळखीचा होता.

नाईकधुरे वाईट माणूस नाहीत. पण रकान्यात निरंक दिसलं की त्यांची बोटं आपोआप खाली एक वाक्य टंकतात, आणि ते वाक्य त्यांच्या वडिलांनीही याच खात्यात जन्मभर टंकलं होतं: 'याबाबत सक्षम प्राधिकारी वेळोवेळी निर्णय घेतील.' सक्षम प्राधिकारी कोण, ते अहवालाच्या पहिल्या पानावर असतं. तिथे माझं नाव आहे.

शुद्धिपत्रक निघालं आणि त्याच आठवड्यात कोळंबी वर आली. तीनशे मीटर खालून, जिथे उजेड पोचत नाही तिथून, ती सरळ किनाऱ्याला आली. ओहोटीच्या रेषेपासून आत नजर पोचेपर्यंत पाणी लाल झालं. ती पळत नव्हती आणि मरतही नव्हती. जमिनीकडे तोंड करून थांबली होती. सगुणच्या बोटीवरचे लोक बादल्या बुडवून ती भरत होते. भामाक्काने पुन्हा चटया पसरल्या. चटयांवर कोळंबी नुसती बसून राहिली. ऊन चढलं, उतरलं, माश्या आल्या, कावळे आले आणि उचलून घेऊन गेले. त्यांच्या चोचीतही ती तशीच होती, असं मुलं सांगत होती. कोळंबीचं कोणाशी काही वाकडं नव्हतं. तिला फक्त सूचना हवी होती.

दुसऱ्या दिवशी भामाक्का पाटी डोक्यावर घेऊन माझ्या खोलीत आली. मी फोनवर होते. साहेब विचारत होते की किनाऱ्यावर लोक फोटो काढतायत, त्याबद्दल केंद्राची भूमिका काय. दारात परचुरे उभे होते आणि 'मरणशीलता' या शब्दाकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं सांगत होते. नाईकधुरे किती चहा ते विचारत होते. भामाक्काने पाटी माझ्या टेबलावर, सहा महिन्यांच्या लांबीच्या मोजमापांवर ठेवली, आणि तिच्यातून पाणी गळायला लागलं. ती म्हणाली, "बाईंनू, हेंका कायतरी सांगा."

"मरा एकदाच्या," मी म्हणाले.

मी ते फोनला म्हणाले होते, शब्दांना म्हणाले होते, चहाला म्हणाले होते. वैतागले की मी असं बोलते. आमच्या घरात सगळेच बोलतात. दूध उतू गेलं की मरो ते दूध, गाडी चुकली की मरू दे ती गाडी. आजवर त्याने कोणी दगावलं नव्हतं.

पाटीतल्या सगळ्या कोळंब्या आडव्या झाल्या. एकदम नाही, वरपासून तळापर्यंत, ऐकू गेलं तशा. भामाक्काने हातातली चुंबळ टेबलावर ठेवली आणि थांबली. आम्ही सगळेच थांबलो, कारण गेल्या महिनाभरात क्षणभर थांबायची सगळ्यांना सवय लागली होती. क्षण गेला. मग बराच वेळ गेला. तिने एक उचलली, हातावर उलटीपालटी केली.

"ऱ्हवली," ती म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली. जाताना तिने डोळे पुसले, की पाटीतलं पाणी पुसलं, ते मला दिसलं नाही.

त्यानंतर माझ्या कामाचं स्वरूप बदललं. सकाळी नऊ वाजता मी जेटीवर असते. पाट्या ओळीने मांडलेल्या असतात. समितीची शेवटची बैठक माझ्या वाक्यावर झाली. परचुऱ्यांना 'मरा' रुक्ष वाटत होतं. त्यांनी 'मृत्यू पावावे ही विनंती' असं सुचवलं. मी ते एका पाटीला म्हणून पाहिलं. विनंती असल्याने पाटीने ती विचारात घेतली. मग त्यांनी स्वतःच 'मरा' लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि मुंबईला परत गेले. स्टेशनवर सोडायला मीच गेले होते, आणि त्यांची मला आठवण येईल असं मी म्हणाले, तेही खरं होतं.

मृत्युदर आता काढावा लागत नाही. मी सांगते तेवढ्या मरतात. अहवालात त्या जागी 'वेळोवेळी' असा शब्द जातो आणि तो वरच्या कार्यालयाने कधी परत पाठवलेला नाही. भामाक्काचं घर तिचं तिच्याकडे आहे. तिच्या भावजयीने ती माळ्यावरची खोली एका शिक्षकाला दिली.

एकदा मी एका पाटीला 'राहू दे, जा' असं सांगून पाहिलं होतं. कोणी हललं नाही. नाईकधुऱ्यांनी कागद काढून दाखवलं की मला दिलेला अधिकार मृत्यूच्या रकान्यापुरता आहे. जगण्याचा रकाना अहवालात कधी नव्हता. मी त्यांना म्हटलं, मग एक वाढवा. ते म्हणाले, त्याला वरून मंजुरी लागेल, आणि त्या रकान्याचं एकक काय धरायचं तेही कळवावं लागेल. मी ते अजून कळवलेलं नाही. पट्टी घेऊन बसते, पण सुचत नाही.

सुरुवातीला मी डोळे मिटून सांगत असे. तसं केलं की पाट्यांत चलबिचल व्हायची, काही मरायच्या, काही इकडेतिकडे बघत राहायच्या. एके सकाळी भामाक्का जवळ येऊन उभी राहिली. नेमकं कोण सांगतंय ते त्यांना दिसायला हवं, असं ती म्हणाली. नाहीतर त्या घाबरतात. मी डोळे उघडले. इतकी वर्षं मी कोळंबीची लांबी मोजली, पण तिचे डोळे देठावर असतात आणि ते वळवून ती बघते, हे नुसतं आकृतीत पाहिलं होतं. पाटीभर डोळे माझ्याकडे वळलेले होते. मी सांगितलं. त्या मेल्या. मला वाटलं, भामाक्का आता पाटी उचलेल. तिने उचलली नाही.

"आता ती माका बघनत नाय," ती म्हणाली. "तुमका बघतत."

ती हे आनंदाने म्हणाली नाही. पण तिचे खांदे हलके झालेले होते, ते दिसत होतं, आणि मला तिचा राग आला. मी काही तिच्याकडे हे मागायला गेले नव्हते. मग राग गेला, कारण तिनेही ते कधी मागितलं नव्हतं. मी पुढच्या पाटीकडे गेले.

बदलीसाठी मी अर्ज केला होता. नागपूर चालेल, कुठलंही बिनसमुद्राचं ठिकाण चालेल, असं लिहिलं होतं. साहेबांनी निवृत्त होण्याआधी तो स्वतः माझ्या हातात परत दिला. साठ्याला माझ्या आवाजाची सवय झाली आहे, असा शेरा होता.

घरी मी आता वैतागत नाही. खिडकी समुद्राकडे आहे. दूध उतू गेलं तर ओटा पुसते. आईचा फोन आला की तिच्या कुठल्याशा तक्रारीवर नेहमीचे दोन शब्द जिभेवर येतात, ते मी खिडकी लावून घेऊन मग गिळते. तिला वाटतं मी फार शांत झाले. ती शेजारणींना तसं सांगते.

संध्याकाळी भामाक्का बाजारातून आली की आम्ही दोघी किनाऱ्याने फिरायला जातो. पाणी अजून लाल असतं. आम्ही चालू लागलो की उथळ पाण्यातल्या कोळंब्या थांबतात, वळतात आणि माझ्या तोंडाकडे बघत आमच्या बरोबरीने सरकत राहतात. भामाक्का भावजयीबद्दल काहीतरी सांगत असते, मधूनच हसते आणि मला विचारते की खरं की नाही. मी तोंड मिटून चालते.